वही पातळ, फी भरभक्कम

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या दुबईत. मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. दुसरीपर्यंत ती इथल्याच एका सीबीएसई शाळेत होती. नवऱ्याच्या कंपनीने शिक्षणभत्ता वाढवला तेव्हा तिला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं. आता ती यिअर 5 मध्ये आहे. शाळा झकास आहे, मुलगी आनंदाने जाते. पण पाठ्यपुस्तकं नाहीत, गृहपाठ नावापुरता, मार्क नाहीत, नंबर नाही. प्रगतिपुस्तकात प्रत्येक विषयापुढे 'एक्स्पेक्टेड' एवढंच. सांगलीहून सासरे व्हिडिओ कॉलवर पाढे विचारतात आणि ही अडखळते. परवा त्यांनी 'सतरा साते' विचारलं आणि ही गप्प बसली. 'सात आठे'लाही ती बोटं मोजते. तिचा चुलतभाऊ पाचवीत आहे, तो स्कॉलरशिपची गणितं धडाधड सोडवतो. फी मात्र आधीच्या शाळेच्या दुपटीहून जास्त. शाळेच्या माहितीपत्रकात पानोपानी 'शैक्षणिक उत्कृष्टता' लिहिलंय, ती असते तरी कुठे आणि ओळखायची कशी? परत सीबीएसईत घालावं का? तीन-चार वर्षांनी आम्ही बहुधा पुण्याला परतू. तिच्या गणिताच्या आणि इंग्रजीच्या वहीतली काही पानं सोबत पाठवतेय. गणिताला वेगळ्या मिस आहेत, बाकी सगळं वर्गशिक्षिका घेतात.
एक आई, दुबई

उत्तर : आधी सासऱ्यांना एक निरोप द्या. यिअर 5 म्हणजे पाचवी नव्हे, आपली चौथी. इंग्लंडमध्ये यिअर 1 पाचव्या वर्षी सुरू होतं, तेव्हा आपल्याकडचं मूल मोठ्या शिशूत असतं. त्यामुळे वर्गाच्या आकड्यातून नेहमी एक वजा करायचा. तुमची लेक तिच्यापेक्षा एक इयत्ता पुढे असलेल्या भावाशी रोज व्हिडिओ कॉलवर शर्यत लावतेय, आणि हे घरात कुणाच्याच ध्यानात आलेलं दिसत नाही.

म्हणून आजोबा चुकले असं मात्र नाही. त्यांच्याकडे शेवटी येते.

तुमच्या पत्रात 'ब्रिटिश अभ्यासक्रम' हे शब्द चार पालक 'सीबीएसई' ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने आलेत. खरी गफलत तिथेच होते. सीबीएसई हे मंडळ आहे. ते शाळेला संलग्नता देतं, नियम घालून देतं, त्याच्यामागे एनसीईआरटीची पुस्तकं उभी असतात. शाळा कितीही सुमार असली तरी मुलाच्या दप्तरात एक पुस्तक असतं आणि घरी बसून आईला कळतं की अपूर्णांकांचा धडा झाला की राहिला. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या मागे असं एक मंडळ नाही. 1988 च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, सध्याचा चालू आहे तो 2014 पासूनचा. कोणत्या वयाला मुलाला काय यावं हे त्यात लिहिलंय. कोणत्या पुस्तकातून आणि कसं शिकवायचं, ते शाळेवर सोडलंय. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडमधल्या खासगी शाळांनाही तो बंधनकारक नाही. दुबईतली शाळा तो पाळते म्हणजे शाळेने तसं जाहीर केलंय.

बाहेरचा परीक्षक येतो तो थेट यिअर 10 आणि 11 मध्ये, आयजीसीएसई या आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेला. त्या पेपरांवर केंब्रिज, पिअर्सन एडेक्सेल किंवा ऑक्सफर्ड एक्यूए या परीक्षा घेणाऱ्या संस्थांचं नाव असतं आणि ते तपासणारा माणूस तुमच्या मुलीला ओळखत नसतो. इंग्लंडमध्ये यिअर 6 च्या शेवटी सॅट्स नावाची सरकारी परीक्षा असते, परदेशातल्या शाळांना तिची सक्ती नाही. म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत शिकवणारी शाळा, पेपर काढणारी शाळा आणि निकाल लावणारीही शाळाच. चांगल्या शाळा या मोकळिकीचं सोनं करतात. बाकीच्या नुसते वर्गातले फलक सुरेख सजवतात.

तुम्ही विचारताय ती उत्कृष्टता म्हणूनच दोन ठिकाणी शोधायची. एक मुलीच्या वहीत आणि दुसरी शाळेबाहेरच्या मोजमापात. तुम्ही वह्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. प्रगतिपुस्तक वाचून मला यातलं काहीच सांगता आलं नसतं.

गणिताचं पान बघा. 2346 गुणिले 27. पहिल्या ओळीत 16422, दुसऱ्या ओळीत 4692, बेरीज 21114. दशकाच्या ओळीतलं शून्य गेलं. मिसनी त्यावर फुली मारलेली नाही आणि बरोबर उत्तरही लिहून दिलेलं नाही. समासात हिरव्या पेनाने एवढंच लिहिलंय : 'आधी अंदाज कर. 2300 गुणिले 30 किती?' खाली तुमच्या लेकीने जांभळ्या पेनाने 69000 लिहिलं, मग पुन्हा गुणाकार मांडला, 63342 आणलं आणि शेजारी लिहिलं की 'माझं पहिलं उत्तर फारच लहान होतं'. जांभळं पेन म्हणजे मुलांनी स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करायचं पेन. बऱ्याच ब्रिटिश शाळांत ही पद्धत असते. चार आकडी संख्येला दोन आकडी संख्येने गुणणं यिअर 5 च्याच अभ्यासक्रमात आहे, म्हणजे पातळी योग्य आहे. आणि उत्तर अंदाजाशी ताडून बघायची सवय चौथीतल्या मुलीला लागतेय. माझ्या मते ही बाई शिकवणं जाणते. त्या वर्गात गृहपाठ कमी असला तरी मी काळजी करणार नाही.

आता इंग्रजी. तुम्ही पाठवलेल्या तीन पानांवरच्या तारखांमध्ये प्रत्येकी आठवड्याचं अंतर आहे. पहिल्या पानावर सहलीचं वर्णन, दुसऱ्यावर एका गोष्टीचा शेवट, तिसऱ्यावर पत्र. तिन्ही पानांवर वाक्यं 'अँड देन'ने जोडत जोडत पार तळापर्यंत गेलीत, पूर्णविराम दुर्मीळ, आणि संवादाला अवतरणचिन्हं नाहीत. प्रत्येक पानाखाली एक चमकता तारा आणि 'लव्हली वर्क!'. जांभळ्या पेनाची एकही ओळ नाही. पहिल्या आठवड्यातली चूक तिसऱ्या आठवड्यात जशीच्या तशी आहे. संवादाची अवतरणचिन्हं यिअर 3 आणि 4 मध्येच यावीत असं तो अभ्यासक्रम सांगतो. मग या लेखनापुढेही 'एक्स्पेक्टेड' कुणी आणि कशाच्या आधारावर लिहिलं? फीच्या हिशेबात खुपायला हवं ते इथे. पाठ्यपुस्तक नसण्यात मला तेवढं काही खुपलं नाही.

एकाच शाळेत, एकाच मुलीच्या दोन वह्यांत इतका फरक असतो. 'ही शाळा चांगली की वाईट' याचं एका शब्दात उत्तर मागणाऱ्यांना म्हणूनच मी सहसा टाळते.

पालकसभेला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : 'एक्स्पेक्टेड' म्हणजे कुणाच्या अपेक्षेप्रमाणे? इंग्लंडच्या अभ्यासक्रमाच्या, की या वर्गाच्या सरासरीच्या? मुलीच्या लेखनाचा एक नमुना आणि त्याच वर्गातल्या 'ग्रेटर डेप्थ' ('एक्स्पेक्टेड'च्या वरची श्रेणी) मिळालेल्या लेखनाचा एक नमुना, नाव झाकून, शेजारी शेजारी ठेवून दाखवा म्हणावं. नमुने हाताशी असलेल्या शिक्षिकेला हे दहा मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

दुसरं बाहेरचं मोजमाप. दुबईतल्या बहुतेक ब्रिटिश शाळा जीएल या संस्थेच्या चाचण्या घेतात. एक कॅट 4, ज्यात शब्द, संख्या, आकृत्या आणि अवकाशीय विचार अशी चार अंगं असतात आणि शिकवलेलं काही विचारत नाहीत. दुसरी प्रोग्रेस टेस्ट : इंग्रजी, गणित, विज्ञान. तिच्यात शिकवलेलंच विचारतात. दोन्हींचे गुण वयानुसार काढलेले असतात. 100 म्हणजे त्या वयाची सरासरी, आणि साधारण दोनतृतीयांश मुलं 85 ते 115 च्या दरम्यान येतात. हे दोन कागद शेजारी ठेवले की शाळेबद्दल बरंच कळतं. समजा मुलीच्या कॅटमध्ये शाब्दिक अंगाचा गुण 116 आहे आणि इंग्रजीच्या प्रोग्रेस टेस्टचा 98. मग मुलीत कुवत आहे आणि शिकवणीत कुठेतरी गळती आहे. उलट कॅट 97 आणि गणित 110 असेल तर त्या गणिताच्या मिसना दिवाळीला घरच्या करंज्या न्या. एकाच चाचणीवर निवाडा करू नका, मुलं एखाद्या दिवशी कंटाळून काहीही टिचक्या मारतात. दोन वर्षांचे आकडे बघा. हे आकडे शाळेकडे असतात, पण मागितल्याशिवाय सहसा मिळत नाहीत. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही मागितले नसावेत.

दुबईत आहात तर सरकारी तपासणीचा अहवालही हाताशी आहे. केएचडीए ही तिथली खासगी शिक्षणावर देखरेख करणारी संस्था, आणि तिचे तपासनीस 2008 पासून शाळांत जाऊन बसतात. 'आउटस्टँडिंग'पासून 'व्हेरी वीक'पर्यंत सहा श्रेणी. गेटवर फलक लागतो तो एकूण श्रेणीचा, आणि पालक तेवढाच वाचतात. तुम्ही अहवाल उघडा. आत प्रत्येक विषयाची प्राथमिक आणि माध्यमिक टप्प्यांसाठी वेगळी श्रेणी असते, आणि त्यातही दोन रकाने असतात : मुलांची पातळी आणि मुलांची प्रगती. मला दुसरा रकाना मोलाचा वाटतो. प्रवेशाच्या वेळीच हुशार मुलं निवडून घेणाऱ्या शाळेची पातळी आपोआप उंच दिसते, त्या मुलांना शाळेने किती पुढे नेलं हे प्रगतीच्या रकान्यात कळतं. पहिल्या पानांवर एका शिक्षकामागे किती मुलं आणि वर्षाला किती टक्के शिक्षक शाळा सोडून जातात हेही छापलेलं असतं. आखातात शिक्षकांचे करार बहुधा दोन वर्षांचे असतात, त्यामुळे थोडी ये-जा सगळीकडेच असते. पण तीनातला एक शिक्षक दरवर्षी जात असेल तर अभ्यासक्रम कागदावर राहतो आणि वर्गात दरवर्षी नव्याने गाडी सुरू होते. एक मात्र बघा, अहवाल कोणत्या वर्षाचा आहे. केएचडीएने 2024-25 मध्ये नव्या शाळा वगळता पूर्ण तपासण्या थांबवल्या, तेव्हा गेटवरची श्रेणी आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळातली असू शकते. त्याखेरीज ब्रिटिश सरकारच्या शिक्षणखात्याची 'ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज' ही मान्यता असते. तिच्या तपासणीचा अहवालही जाहीर असतो. तो शाळेकडे असेल तर वाचा, नसेल तर का नाही ते विचारा.

निकालाच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. 'आमच्या 60 टक्के श्रेणी 9 ते 7' (आयजीसीएसईत 9 सर्वांत वरची) अशी पाटी दिसली की छेद विचारायचा. वर्गात मुलं किती होती, परीक्षेला बसली किती, कच्च्या मुलांना विषय सोडायला लावला का, आणि यिअर 11 मधली किती मुलं यिअर 12 मध्ये त्याच शाळेत राहिली. आपल्याकडे शंभर टक्के निकालासाठी नववीत मुलं गाळणाऱ्या शाळा माहीत असलेल्या मराठी पालकाला हे वेगळं सांगायला नको.

आता पुण्याला परतण्याचा प्रश्न. खरं सांगायचं तर तुमचा निर्णय शाळेच्या दर्जापेक्षा याच्यावर जास्त अवलंबून आहे. तीन-चार वर्षांनी मुलगी यिअर 8 किंवा 9 मध्ये असेल, म्हणजे सातवी-आठवीत. तोवर परत आलात तर काही बिघडत नाही. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत घुसणं अवघड असतं, म्हणून सीबीएसईत जायचं तर नववीच्या सुरुवातीला जावं. आपलं वर्ष एप्रिल-जूनमध्ये सुरू होतं आणि तिकडचं ऑगस्टअखेर, त्यामुळे यिअर 9 पूर्ण होण्याची वाट न बघता मार्चमध्येच दाखला काढावा लागेल. हे आत्ताच डोक्यात ठेवा. ऐनवेळी 'वर्ष पुरं करूनच जाऊ' म्हणणारे पालक प्रवेशाची मुदत घालवून बसतात.

तो टप्पा ओलांडला तर मग आयजीसीएसई पुरी करा, अधेमध्ये पाय काढू नका. फक्त मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि तोवर महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशफेऱ्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. केंब्रिजची मार्चमधली परीक्षा भारतातल्या शाळांसाठी असते, दुबईत तिचा उपयोग नाही. ए लेव्हलपर्यंत, म्हणजे आपल्या बारावीच्या टप्प्यापर्यंत, गेलात तर तिथे मूल तीन-चार विषयच घेतं. इंग्लंडमधल्या विद्यापीठांना ते पुरतं, पण आयआयटीच्या प्रवेशात एका भाषेसकट पाच विषय बघतात. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि पेपर एनसीईआरटीच्या धाटणीचा असतो. वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी तर साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. ही अडचण दुबईतल्या सीबीएसईवाल्यांनाही तेवढीच आहे, तेव्हा तिचं खापर ब्रिटिश अभ्यासक्रमावर फोडू नका. साडेनऊ वर्षांच्या मुलीसाठी आत्ताच नीटचा विचार करणं मला जरा अतीच वाटतं, पण तुमच्या पत्रात परतण्याचा विषय आहे म्हणून लिहिलं.

तर आत्ता सीबीएसईत परत घालू नका. गणित नीट चाललंय, मुलगी शाळेत रमलीये, आणि दोन वर्षांत दोन शाळा बदललेल्या मुलाला सावरायला वेळ लागतो. पुण्याला यायचं नक्की झालं की तेव्हाच बदल करा. एक शाळा मध्ये आणखी कशाला? या वर्षात इंग्रजी लेखनाच्या मागे लागा. पुढच्या सत्राच्या शेवटी पुन्हा तीन पानं काढा, पहिल्या पानातली चूक तिसऱ्यात आहे का बघा. असेल, आणि शाळेला त्याचं काही वाटत नसेल, तर यिअर 7 च्या आधी दुसरी ब्रिटिश शाळा बघायला हरकत नाही. माध्यमिकला प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात आणि एकट्या वर्गशिक्षिकेवरचा भार संपतो, त्यामुळे कदाचित तीही वेळ येणार नाही.

पुस्तक नसल्याची रुखरुख असेल तर इंग्लंडचा सबंध राष्ट्रीय अभ्यासक्रम तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे. यिअर 5 चं गणित मोजक्या पानांत मावतं : 100 पर्यंतच्या संख्या मूळ आहेत की नाहीत ते ओळखणं, वर्ग आणि घन, शेकडेवारीची ओळख, एक हजारापर्यंतचे रोमन आकडे. छापून फ्रिजला लावा आणि महिन्यातून एकदा लेकीलाच विचारा, यातलं झालं काय आणि राहिलं काय. शाळेच्या साप्ताहिक पत्रकापेक्षा जास्त कळेल.

आता आजोबा. तुम्ही लिहिलंय की त्यांनी 'सतरा साते' विचारलं आणि ती गप्प बसली. सतराचा पाढा तिच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही, तेव्हा त्यात तिची चूक नाही. पण पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिता की 'सात आठे'लाही ती बोटं मोजते. बारा बारापर्यंतचे पाढे यिअर 4 मध्ये पाठ व्हायला हवेत. इंग्लंडमध्ये त्याची संगणकावर चाचणी घेतात, एका प्रश्नाला सहा सेकंद, असे 25 प्रश्न. तुमची लेक यिअर 4 मध्ये नव्या शाळेत आली होती, त्या गडबडीत हे राहून गेलं असणार. इथे आजोबांची नाडीपरीक्षा शाळेच्या 'एक्स्पेक्टेड'पेक्षा अचूक निघाली. तो व्हिडिओ कॉल बंद करू नका, फक्त त्याचा ढंग बदला. रोज एक पाढा, बारापर्यंतच, आणि चुलतभाऊ त्या वेळी खोलीत नको. जमलं तर त्यांना पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढेही शिकवू द्या. 20 ची पाऊणपट तोंडी सांगणारी मुलगी वर्गात तीनचतुर्थांशाला आणि 75 टक्क्यांना घाबरत नाही.

आणि शाळेला जे विचाराल ते पालकसभेनंतर दोन ओळींच्या मेलमध्येही लिहून पाठवा : लेखनाचे नमुने, जीएलचे दोन वर्षांचे आकडे, पाढ्यांसाठी वर्गात काय करणार. आधी वर्गशिक्षिकेला. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर प्राथमिक विभागप्रमुखांना.